दिवसाला किती ओढता?

१९१९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका रुग्णाचं शवविच्छेदन व्हायचं होतं. जॉर्ज डॉक या प्राध्यापकांनी शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांना झाडून बोलावून घेतलं. रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला होता, आणि हा आजार इतका दुर्मीळ की पुन्हा आयुष्यात पाहायला मिळेलच असं नाही, म्हणून नीट पाहून घ्या, असं त्यांनी मुलांना सांगितलं. त्या मुलांत ॲल्टन ऑक्सनर होता. पुढे तो न्यू ऑर्लिन्सला नामवंत शल्यचिकित्सक झाला. सतरा वर्षं त्याला तसा दुसरा रुग्ण दिसला नाही. मग १९३६ साली सहा महिन्यांत नऊ दिसले. सगळे पुरुष, आणि सगळ्यांना पहिल्या महायुद्धाच्या काळात सिगारेटची सवय जडलेली.

डॉक सरांचं काही चुकलं नव्हतं. आयझॅक ॲडलर या डॉक्टरनं १९१२ साली जगभरच्या नोंदी धुंडाळून फुप्फुसाच्या कर्करोगावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या हाती लागलेल्या रुग्णांची संख्या चारशेच्या आत होती. आणि इंग्लंड-वेल्समध्ये या आजारानं झालेले मृत्यू १९२२ साली ६१२ होते, ते १९४७ साली ९,२८७ झाले. पंचवीस वर्षांत पंधरा पट.

हे झालं कशानं, ते आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण त्या काळात जाऊन पाहिलं तर उत्तर अजिबात उघड नव्हतं. तंबाखू शतकानुशतकं ओढली जात होतीच. बदललं होतं ते तिचं रूप. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स बोन्सॅकनं सिगारेट वळण्याचं यंत्र केलं. हातानं मिनिटाला चार-पाच सिगारेटी वळल्या जात, यंत्र मिनिटाला दोनशे वळू लागलं. ब्रिटनमध्ये विल्स कंपनीनं ते यंत्र घेतलं आणि सिगारेट गरिबाच्या खिशात आली. पाइप किंवा सिगारचा जहाल धूर बरेच जण तोंडातच घोळवत. सिगारेटचा सौम्य धूर थेट छातीत खोल ओढता येई. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि खंदकातल्या शिपायाला शिध्याबरोबर सिगारेटी मिळू लागल्या. पहिला झुरका आणि फुप्फुसातली गाठ यांच्यात वीस-तीस वर्षं जातात. त्यामुळे १९१६ साली ओढायला लागलेला जवान १९४० च्या आसपास खोकत इस्पितळात आला, तेव्हा त्याचा आजार आणि त्याचं पाकीट यांची सांगड घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसरी अडचण याहून मोठी होती. चाळीसच्या दशकाअखेरीस ब्रिटनमध्ये दहांतले आठ पुरुष काही ना काही ओढत होते. मंत्री ओढत, डॉक्टर ओढत, रुग्णाला तपासतानाही ओढत. जी गोष्ट सगळेच करतात तिच्यावर संशय घ्यायचा कसा? उलट संशयित म्हणून पुढे करायला इतर पुष्कळ होते: मोटारींचा धूर, नव्यानं डांबरलेले रस्ते, घराघरांतल्या शेगड्यांमधला कोळसा. कित्येकांचं म्हणणं असं की रोग वाढलेलाच नाही, एक्स-रेमुळे तो आता ओळखू येतो इतकंच.

जर्मनीत १९३९ साली फ्रान्झ म्युलरनं आणि १९४३ साली येना इथे शायरर आणि श्योनिगर यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या धूम्रपानाची निरोगी माणसांशी तुलना केली होती आणि तंबाखूकडे बोट दाखवलं होतं. महायुद्धाच्या धामधुमीत आणि नाझी राजवटीच्या सावलीत ते अभ्यास बाहेर फारसे कुणी वाचले नाहीत.

हा प्रश्न सोडवायला ब्रिटनमध्ये जी दोन माणसं बसली, त्या दोघांनाही तरुणपणी क्षयानं गाठलं होतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा शरीरशास्त्रज्ञाचा मुलगा. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक म्हणून गेला आणि फुप्फुसाचा क्षय घेऊन परतला. काही वर्षं इस्पितळात आणि घरी अंथरुणावर गेली. वैद्यकीय शिक्षणाचा नाद सोडावा लागला. पडल्या पडल्या टपालानं शिकून त्यानं अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि तिथून तो संख्याशास्त्राकडे वळला. रिचर्ड डॉल त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पेशानं डॉक्टर, मनानं गणिती. डंकर्कहून माघार घेणाऱ्या सैन्यात तो होता आणि युद्धातच त्याला मूत्रपिंडाचा क्षय झाला. डॉल सिगारेट ओढत असे.

हिलचं नाव आधी झालं ते क्षयाच्याच औषधामुळे. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत सापडलं होतं, पण युद्धानं खंक झालेल्या ब्रिटनकडे ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. जे थोडं मिळालं ते सगळ्यांना पुरणार नाही, हे उघड होतं. मग हिलनं सुचवलं, की नाहीतरी पुरणार नाहीच, तर कुणाला द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोडू. १०७ रुग्ण निवडले गेले. प्रत्येकाची चिठ्ठी बंद लिफाफ्यात. रुग्ण दाखल झाला की लिफाफा उघडायचा; ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना कोण कुठल्या गटातला हे सांगितलेलं नसे. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांतले ४ गेले होते, न घेणाऱ्यांतले १४. रुग्णांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलेलं नव्हतं. आज असं कुणी करू धजणार नाही आणि करूही नये. पण ऑक्टोबर १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या निबंधापासून औषध पारखण्याची रीत कायमची बदलली. आपल्याकडे मद्रासला १९५६ पासून क्षयाचे उपचार इस्पितळात आणि घरी, असे जोडीनं तपासले गेले आणि गरीब वस्तीतल्या घरातही रोगी तितकाच बरा होतो हे सिद्ध झालं, ते याच रीतीनं.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र चिठ्ठ्या टाकण्याचा मार्ग बंद होता. शंभर जणांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावून कोण मरतं ते पाहत बसता येत नाही. तेव्हा मागे जाऊन विचारायचं, एवढंच उरलं.

१९४८ साली लंडनच्या वीस इस्पितळांना कळवलं गेलं, की फुप्फुसाचा, जठराचा किंवा आतड्याचा कर्करोग असल्याचा संशय असलेला रुग्ण आला की आम्हाला सांगा. या कामासाठी चार समाजसेविका नेमल्या होत्या. निरोप आला की त्यांच्यातली एक जाऊन रुग्णाच्या खाटेशी बसे आणि ठरलेले प्रश्न विचारी. कधी ओढायला लागलात? दिवसाला किती? मध्ये कधी वाढवली, कमी केली, सोडली? धूर छातीत ओढता की नाही? मग त्याच इस्पितळातला, त्याच वयोगटातला, दुसऱ्याच आजारानं आलेला एक रुग्ण गाठायचा आणि त्यालाही हेच सगळं विचारायचं. माणसं आपल्या सवयीबद्दल खरं आणि नीट आठवून सांगतात का, हे पडताळायला पन्नास जणांना सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारलं. उत्तरं बऱ्यापैकी जुळली. तंबाखूखेरीज राहण्याचं ठिकाण, घर उबदार ठेवायची पद्धत, आधीचे आजार असंही पुष्कळ विचारलं जाई, कारण खुद्द डॉलचा संशय डांबरी रस्त्यांवर होता.

आकडे जमत गेले तसा डॉल अस्वस्थ होत गेला. १९४९ साली, अभ्यास संपायच्या आधीच, त्यानं सिगारेट सोडली.

या अभ्यासातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट निबंधाच्या एका कोपऱ्यात आहे. प्रश्न विचारणाऱ्या बाईला रुग्णाचा आजार माहीत असेल, तर नकळत ती त्याच्याकडून जास्त सिगारेटी वदवून घेईल, अशी शंका कुणीही घेतली असती. पण काही रुग्ण असे निघाले, की विचारताना सगळ्यांनाच वाटलं यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि नंतर तपासण्यांत कळलं की तो नाही. विचारणारी तीच, प्रश्न तेच, तिच्या मनातली समजूतही तीच. तरी या लोकांच्या सवयी कर्करोग असलेल्यांशी जुळल्या नाहीत. इतर आजारांच्या रुग्णांशी जुळल्या. चुकलेल्या निदानानं अभ्यास खरा ठरवला.

३० सप्टेंबर १९५० रोजी निबंध छापून आला. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच न ओढणारे अवघे दोन होते. तुलनेच्या ६४९ पुरुषांत सत्तावीस. फरक असा बोटभर दिसतो, कारण ओढणारेच चहूकडे होते. पण दिवसाला किती, हे पाहिलं की तो फरक पायरीपायरीनं वाढत जात होता: जितक्या जास्त सिगारेटी, तितका कर्करोग जास्त.

निबंध खरं तर आधीच येऊ शकला असता. लंडनपुरतं खरं असलेलं बाहेरही खरं आहे का ते पाहा, असा सल्ला मिळाल्यानं दोघे थांबले, आणि त्या अवधीत अमेरिकेत अर्न्स्ट विंडर हा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे गुरू एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा तसाच अभ्यास मे १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रॅहम म्हणजे १९३३ साली कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढणारे पहिले शल्यचिकित्सक. ते स्वतः सिगारेट ओढत आणि आपल्या विद्यार्थ्याच्या कल्पनेवर सुरुवातीला त्यांचा विश्वास नव्हता. आकडे पाहून त्यांनी काही काळानं सिगारेट सोडली. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानंच गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी ऑक्सनरला कळवलं होतं, की सोडून पाच वर्षं झाली खरी, पण त्याआधी फार वर्षं ओढली. ज्याचं फुप्फुस त्यांनी १९३३ साली काढलं होतं तो रुग्ण त्यांच्यामागे काही वर्षं जगला.

या निबंधांनी जग हललं, असं म्हणता येत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये डॉल आणि हिल यांनी १,४६५ जोड्यांचा मोठा निबंध छापला. तो १३ तारखेच्या अंकात आला. त्याच्या चारच दिवस आधी लंडनवरचं ते कुप्रसिद्ध धुरकट धुकं उठलं होतं. ५ ते ९ डिसेंबर, पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर साचून राहिला. हात पुढे केला तर दिसेना, आणि दम्याचे, जुन्या खोकल्याचे, हृदयविकाराचे रुग्ण पटापट गेले. तेव्हाच्या मोजणीनं सुमारे चार हजार, नंतरच्या अंदाजांनी बारा हजारांपर्यंत. त्या धुरानं माणसं मारली हे निर्विवाद, आणि त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. पण त्यामुळे धूर म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे धुराडंच येई, स्वतःच्या ओठांतली कांडी येत नसे. सरकारचाही पाय जड होता. तंबाखूवरचा कर तिजोरीचा मोठा आधार होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकारांना बोलावून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रस्थापित झाल्याचं मानावं लागेल असं सांगितलं, तेव्हा ते स्वतः एकामागून एक सिगारेटी ओढत होते. अमेरिकेत त्याच वर्षीच्या जानेवारीत सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन देऊन, पुरावा पक्का नाही आणि आम्हीच संशोधनाला पैसा देऊ, असं जाहीर केलं होतं. शंका जिवंत ठेवण्याचा हा धंदा पुढे काही दशकं चालला. त्या दशकांत जी माणसं ओढत राहिली त्यांच्या मृत्यूंचा मोठा वाटा या निवेदनाच्या माथी जातो, असं मी मानतो.

प्रामाणिक शंकाही होत्या. रोनाल्ड फिशर हा त्या काळचा संख्याशास्त्रातला अध्वर्यू. पाइप ओढणारा. तो म्हणे, कर्करोगाकडे आणि सिगारेटकडे माणसाला ओढणारा एखादा आनुवंशिक गुण एकच असेल तर? त्यानं असंही दाखवून दिलं, की पहिल्या निबंधात कर्करोगाचे रुग्ण धूर छातीत जास्त ओढतात असं काही दिसत नव्हतं. त्यानं तंबाखू कंपन्यांसाठी सल्लागार म्हणून काम केलं हेही खरं, पण शंकेला उत्तर तर द्यायलाच हवं होतं.

उत्तराची सोय हिलनं १९५१ सालीच करून ठेवली होती. मागे जाऊन विचारण्यात खोट राहते, तर आता पुढे जायचं. निरोगी माणसांना आज विचारायचं आणि कोण कशानं मरतं याची वाट पाहायची. कुणाला विचारायचं? डॉक्टरांनाच. त्यांची यादी सरकारी नोंदवहीत असते, पत्ते हरवत नाहीत, प्रश्न त्यांना कळतात. ऑक्टोबर १९५१ अखेर ब्रिटनमधल्या ५९,६०० डॉक्टरांना एक साधं पत्र गेलं. प्रश्न मोजकेच, कागद एक. चाळीस हजारांहून अधिक उत्तरं आली.

वाट फार पाहावी लागली नाही. २६ जून १९५४ च्या पहिल्या अहवालात पस्तिशीपुढच्या ७८९ पुरुष डॉक्टरांच्या मृत्यूंचा हिशोब होता. त्यांतले ३६ फुप्फुसाच्या कर्करोगाचे, आणि छत्तिसांतला एकही न ओढणारा नव्हता. १९५६ साली दर आणखी स्पष्ट झाले: न ओढणाऱ्यांत हजारी ०.०७, सगळ्यात जास्त ओढणाऱ्यांत हजारी १.६६. आणि या अभ्यासानं फिशरचा मुद्दा ज्या गोष्टीनं मोडला ती अगदी घरगुती होती. आकडे वाचून बऱ्याच डॉक्टरांनी सिगारेट सोडली, आणि सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरत गेला. अंगात जन्मजात असलेला गुण पाकीट फेकल्यानं जात नाही.

त्यानंतर मात्र निकाल लागत गेले. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल, १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा, १९६५ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद.

मुंबईत हाच प्रश्न फार लवकर विचारला गेला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकर होते. आपल्याकडे कर्करोग येई तो तोंडात आणि घशात. खानोलकर, संघवी आणि राव यांनी रुग्णांच्या आणि इतरांच्या तंबाखूच्या सवयी तपासून १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच निबंध दिला: चघळणाऱ्याला तोंडाचा कर्करोग, ओढणाऱ्याला घशाच्या मागच्या भागाचा. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि त्या नोंदींवरून बिडी ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांचा हिशोब मांडता आला.

बिडीबद्दल आपल्याकडे एक जुना समज आहे. पान आहे, कागद नाही, तंबाखू चिमूटभर, मग अपाय तो काय? सोलापुरात, सिन्नरला हजारो घरांत बायका सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत आल्या, आणि घरातल्या पुरुषांना बिडी कधी परकी वाटली नाही. पण तेंदूच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही. बिडी विझू नये म्हणून घाईघाईनं, खोल झुरके घ्यावे लागतात. १९९१ पासून मुंबईत डॉल आणि हिल यांच्याच रीतीचा एक मोठा अभ्यास झाला. इथे डॉक्टरांची नोंदवही नव्हती, तर मतदारयादी घेतली. पस्तिशीपुढच्या १,४८,००० हून अधिक मुंबईकरांच्या घरी जाऊन विचारलं आणि काही वर्षांनी पुन्हा जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं. मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा बिडी ओढणाऱ्यांत अधिक निघाला.

ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास पन्नास वर्षं चालला. शेवटचा अहवाल पहिल्याच्या तारखेलाच, २६ जून २००४ रोजी आला. ९१ वर्षांचे डॉल तेव्हाही लेखकांत होते. पुढच्या वर्षी ते गेले. सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं लवकर जातो. साठीत सोडली तर त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळी दहा.

हे सारं ज्ञान खाटेवर पडलेल्या रुग्णांनी आपल्या सवयीचा खरा आकडा सांगितला म्हणून हाती आलं. आजही डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारतात आणि बिडी ओढणारा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. पुढच्या वेळी तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला विचारलं गेलं, तर बिडीही मोजा, चघळायची तंबाखूही मोजा, कितव्या वर्षी लागली तेही सांगा. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं चुलीपाशी धुरात बसलं असेल तर तेही विचारण्याआधीच सांगा.